‘ऑन द टेबल’ एकच, मग त्याला नावं तीन कशी?

तुम्ही तीन वाक्यं दिली आहेत: ‘द बुक ऑन द टेबल इज माइन’, ‘द कॅट स्लेप्ट ऑन द टेबल’ आणि ‘पुट द बुक ऑन द टेबल’. तिन्हींत ‘ऑन द टेबल’ जसंच्या तसं आहे. तरी व्याकरणाच्या पुस्तकाने पहिल्याला विशेषण म्हटलं, दुसऱ्याला क्रियाविशेषण म्हटलं, आणि क्लासमधल्या सरांनी तिसऱ्याला पूरक असं नाव दिलं. तुम्ही मराठी माध्यमातून शिकलात, आता स्पर्धा परीक्षेची तयारी करताय, आणि तुम्हाला एक यादी हवी आहे: प्रीपोझिशनने सुरू होणारा कोणता वाक्यांश विशेषण आणि कोणता क्रियाविशेषण.

अशी यादी नाही, कारण ती करताच येत नाही. तुमचं पुस्तकही बरोबर आहे आणि सरही बरोबर आहेत. गोंधळ होतो तो दोन वेगळे प्रश्न एकत्र झाल्यामुळे. एक प्रश्न आहे, हा शब्दसमूह घडलाय कसा? त्याचं उत्तर तिन्ही वाक्यांत एकच: प्रीपोझिशन आणि त्यामागून येणारं नाम. दुसरा प्रश्न आहे, या वाक्यात तो काम कोणतं करतोय? त्याचं उत्तर वाक्यागणिक बदलतं. विशेषण, क्रियाविशेषण, पूरक ही त्या कामांची नावं आहेत. मी मराठी माध्यमाच्या मुलांना बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आहे, आणि माझा अनुभव असा की ही दोन उत्तरं वेगळी ठेवायची सवय लागली की या धड्यातली बहुतेक भीती जाते. म्हणून नाव आधी विचारूच नका. आधी विचारा, हा वाक्यांश वाक्यातल्या कोणत्या शब्दाला टेकलाय? नाव त्यातूनच निघतं.

घडणीबद्दल थोडं सांगते. मराठीत आपण ‘वर’, ‘खाली’, ‘साठी’ हे शब्द नामाच्या मागे लावतो आणि नामाचं सामान्यरूप करतो: घोडा, घोड्यावर. इंग्रजीत तो शब्द नामाच्या पुढे येतो आणि नाम बदलत नाही. सर्वनाम मात्र बदलतं. ‘ही’चं ‘हिम’ होतं, ‘आय’चं ‘मी’ होतं, म्हणून ‘बिटवीन यू अँड आय’ चूक आणि ‘बिटवीन यू अँड मी’ बरोबर. प्रीपोझिशननंतर क्रियापद घ्यायचं झालं तर ते ‘आयएनजी’ लावून घेतात: ‘आफ्टर ईटिंग’, ‘विदाउट आस्किंग’. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’मधलं ‘टू’ हे प्रीपोझिशन आहे, त्यामुळे तिथे ‘टू मीट’ चालत नाही. घडणीतली आणखी एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर गुण अवलंबून आहेत: प्रीपोझिशनच्या आत गेलेलं नाम त्याच वेळी वाक्यातल्या मुख्य क्रियापदाचा कर्ता होऊ शकत नाही.

आता कामाकडे वळू. मराठी बोलणाऱ्याच्या कानात याची एक चाचणी आधीपासून तयार आहे, फक्त ती वापरायला कुणी सांगत नाही. तुमच्या वाक्यांचा मनात मराठी अर्थ लावा. ‘टेबलावरचं पुस्तक माझं आहे.’ ‘मांजर टेबलावर झोपलं.’ ‘पुस्तक टेबलावर ठेव.’ पहिल्या वाक्यात तुम्ही न सांगता ‘टेबलावरचं’ म्हणालात, उरलेल्या दोन्हींत ‘टेबलावर’. मराठीत वाक्यांश नामाला टेकला की त्याला ‘चा-ची-चं’ किंवा ‘तला-तली-तलं’ लावावंच लागतं: घरातला फोन, शेजारची खोली, पावसाळ्यातले दिवस. क्रियापदाला टेकला तर यातलं काही लागत नाही: घरात बसला, पावसाळ्यात आला. म्हणजे जो फरक इंग्रजी उघड दाखवत नाही, तो मराठी प्रत्ययाने दाखवते. मराठी अर्थात ‘चा’ किंवा ‘तला’ आला तर तो वाक्यांश बहुधा नामाचं विशेषण म्हणून काम करतोय. ‘टेबलावर’, ‘घरात’, ‘सोमवारी’ असं साधं रूप आलं तर तो क्रियापदाच्या बाजूचा आहे.

‘विथ’ आणि ‘इन’ असलेल्या काही वाक्यांशांना ‘चा’ जमत नाही, तिथे मराठी ‘असलेला’, ‘नेसलेली’, ‘घातलेला’ असं काही घेते. ‘द वुमन इन द रेड साडी’ म्हणजे लाल साडी नेसलेली बाई. ‘अ हाउस विथ टू डोअर्स’ म्हणजे दोन दारं असलेलं घर. ही रूपंही नामाकडेच बोट दाखवतात, तेव्हा निकाल तोच.

इंग्रजीच्या आतली पडताळणीही हवी, कारण भाषांतर कधी कधी फसवतं. तिथे मी सर्वनामाची चाचणी वापरते. नामाच्या जागी ‘इट’ किंवा ‘हिम’ ठेवा आणि वाक्यांश त्या सर्वनामात गडप होतो की बाहेर उरतो ते पाहा. ‘द बुक ऑन द टेबल इज माइन’चं ‘इट इज माइन’ होतं. ‘ऑन द टेबल’ त्या ‘इट’मध्ये गेलं, म्हणजे ते ‘बुक’चाच भाग होतं. ‘पुट द बुक ऑन द टेबल’चं ‘पुट इट ऑन द टेबल’ होतं. वाक्यांश बाहेर राहिला, म्हणजे तो पुस्तकाचा नाही, ‘पुट’चा आहे. मांजराच्या वाक्याचंही तसंच: ‘इट स्लेप्ट ऑन द टेबल’.

आता दुसरं आणि तिसरं वाक्य वेगळं का, ते पाहू. दोन्हींत वाक्यांश क्रियापदाला टेकलाय, मराठीतही दोन्हीकडे ‘टेबलावर’ येतं, म्हणजे ‘चा’ची चाचणी इथे संपली. इथे वाक्यांश काढून बघा. ‘द कॅट स्लेप्ट’ हे पुरं वाक्य आहे. कुठे झोपलं ही जास्तीची माहिती. ‘पुट द बुक’ मात्र अर्धवट आहे. ‘पुट’ला काय ठेवायचं आणि कुठे ठेवायचं, दोन्ही लागतं. जे क्रियापदाला लागतंच ते पूरक; जे ऐच्छिक आहे ते क्रियाविशेषणाचं काम करणारं. ‘द बुक इज ऑन द टेबल’मध्येही तेच, कारण ‘द बुक इज’ इथे थांबता येत नाही. ‘इट डिपेंड्स ऑन द वेदर’ तसंच. काढून बघताना एक काळजी घ्या: उरलेलं वाक्य व्याकरणाने चालतंय एवढ्यावर थांबू नका, अर्थ तोच राहिला का तेही पाहा. ‘ही लिव्ह्ज इन सातारा’मधून ‘इन सातारा’ काढलं तर ‘ही लिव्ह्ज’ उरतं, पण त्याचा अर्थ ‘तो जिवंत आहे’ असा होतो. राहण्याच्या अर्थाने ‘लिव्ह’ला जागा लागतेच.

तुमचं पुस्तक आणि सर वेगवेगळं का सांगतात, त्याचं उत्तर यात आहे. शाळेतलं पारंपरिक व्याकरण विशेषण, क्रियाविशेषण आणि फार तर नाम इतकीच कामं मोजतं. क्रियापदाला टेकलेला वाक्यांश लागणारा असो की जास्तीचा, ते बहुतेक वेळा दोघांना क्रियाविशेषणच म्हणतं. नंतरच्या मोठ्या व्याकरणांनी ही वाटणी बारीक केली. क्वर्क आणि सहकाऱ्यांचं १९८५चं व्याकरण आणि हडलस्टन व पुलम यांचं २००२चं व्याकरण या दोन्हींत घडण आणि काम यांना वेगळी नावं आहेत, आणि पूरक व ऐच्छिक यांतला फरक जपलेला आहे. तेव्हा परीक्षेत काय लिहायचं हे तुमच्या परीक्षेच्या पुस्तकावर आणि मागच्या प्रश्नपत्रिकांच्या उत्तरांवर अवलंबून आहे. पर्यायांत फक्त ‘विशेषण’ आणि ‘क्रियाविशेषण’ असेल तर ‘पुट’च्या वाक्याला क्रियाविशेषण निवडा. समज मात्र बारीक वाटणीचीच ठेवा, कारण चुका शोधायच्या प्रश्नांत तीच कामाला येते.

इथवरचं थोडक्यात: मराठीत ‘चा’ किंवा ‘तला’ येतो का ते ऐका, सर्वनाम घालून पडताळा, आणि क्रियापदाकडचा वाक्यांश निघाला तर काढून बघा.

आता ज्या ठिकाणी मराठी माणसाची खरी अडचण होते तिथे येते. वर्गात मी यावर सर्वांत जास्त वेळ घालवते. हा वाक्यांश घ्या: ‘द की टू द डोअर ऑफ द रूम ऑन द फर्स्ट फ्लोअर’. मराठीत आपण म्हणू, ‘पहिल्या मजल्यावरच्या खोलीच्या दाराची किल्ली’. दोन्हींचा क्रम पाहा. इंग्रजीत किल्ली, दार, खोली, मजला. मराठीत मजला, खोली, दार, किल्ली. अगदी उलटा. मराठीत मुख्य नाम सगळ्यात शेवटी येतं आणि त्याची सगळी विशेषणं आधी येऊन जातात. इंग्रजीत मुख्य नाम सगळ्यात आधी येतं आणि प्रीपोझिशनचे वाक्यांश मागून एकेक करून लागत जातात. मराठीत ‘दाराची’तली ‘ची’ आपण किल्लीच्या लिंगावरून ठरवतो, त्यामुळे कोण कुणाला टेकलंय ते शब्दातच दिसतं. इंग्रजीत ‘टू’, ‘ऑफ’, ‘ऑन’ यांच्या अंगावर अशी कुठलीही खूण नसते. तिथे खूण एकच: साधारणपणे प्रत्येक वाक्यांश आपल्या लगेच आधीच्या नामाला टेकतो.

याचा परिणाम क्रियापदावर होतो. ‘पहिल्या मजल्यावरच्या खोलीच्या दाराच्या किल्ल्या हरवल्या’ या वाक्यात ‘किल्ल्या’ आणि ‘हरवल्या’ शेजारी आहेत, त्यामुळे वचन चुकायचं कारणच नाही. इंग्रजीत ‘द कीज टू द डोअर ऑफ द रूम ऑन द फर्स्ट फ्लोअर आर मिसिंग’ असं होतं. ‘कीज’ आणि ‘आर’ यांच्या मध्ये तीन वाक्यांश शिरले आहेत, आणि क्रियापदाच्या अगदी आधी ‘फ्लोअर’ हे एकवचन उभं आहे. आपला मराठी कान क्रियापदाच्या शेजारी कर्ता शोधायला सरावलेला असतो, म्हणून हात आपोआप ‘इज’ लिहितो. चुका शोधण्याच्या प्रश्नांत परीक्षक नेमकं हेच वापरतात. ‘द क्वालिटी ऑफ दीज मँगोज आर गुड’ असं देतात आणि चूक कुठे ते विचारतात. इथे सुरुवातीला सांगितलेली गोष्ट आठवा. ‘मँगोज’ हे ‘ऑफ’च्या आत आहे, ते कर्ता होऊ शकत नाही. कर्ता ‘क्वालिटी’, म्हणून ‘इज’. मी मुलांना सुरुवातीचे काही दिवस कर्त्यामागचा प्रत्येक वाक्यांश पेन्सिलीने कंसात टाकायला लावते आणि कंसाबाहेर जे उरतं तेवढंच मोठ्याने वाचायला सांगते: ‘द क्वालिटी इज गुड’. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन नाशिक’मध्येही कंसाबाहेर ‘वन लिव्ह्ज’ उरतं.

‘अलॉन्ग विथ’ आणि ‘टुगेदर विथ’ यांनाही हाच नियम. ‘द टीचर, अलॉन्ग विथ हर स्टुडंट्स, इज वेटिंग’. मराठीत आपण ‘बाई आणि मुलं’ या अर्थाने ऐकतो आणि ‘आर’ लिहितो, पण इंग्रजीत मुलं वाक्यांशाच्या आत आहेत. ‘ॲज वेल ॲज’ची गोष्ट घडणीने थोडी वेगळी आहे, पण परीक्षेतल्या उत्तरात त्यालाही हेच लागू धरतात.

अपवाद सांगितले नाहीत तर हे उत्तर अपुरं राहील. ‘सम’, ‘मोस्ट’, ‘ऑल’, ‘हाफ’ असे भाग दाखवणारे शब्द आले की ‘ऑफ’नंतरच्या नामाकडे बघावं लागतं: ‘मोस्ट ऑफ द वॉटर इज डर्टी’, पण ‘मोस्ट ऑफ द मँगोज आर स्वीट’. ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’ला बहुवचन, कारण तिथे ‘अ नंबर ऑफ’चा अर्थ ‘पुष्कळ’ असा होतो. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ला एकवचन, कारण तिथे खरोखर संख्येबद्दल बोलणं चालू आहे. आणि ‘शी इज वन ऑफ द गर्ल्स हू हॅव पास्ड’मध्ये ‘हॅव’ येतं. इथे ‘हू’ हा शब्द ‘गर्ल्स’साठी आलाय आणि ‘हॅव’चा कर्ता तो ‘हू’ आहे. मुख्य वाक्य ‘शी इज वन’ एवढंच.

याच्याच उलट बाजूचा एक सापळा आहे. कधी वाक्यांश पुढे येतो, क्रियापद मध्ये आणि कर्ता शेवटी: ‘ऑन द हिल स्टँड टू ओल्ड फोर्ट्स’. टेकडीवर दोन जुने किल्ले उभे आहेत. ‘हिल’ एकवचन असलं तरी ते ‘ऑन’च्या आत आहे, कर्ता ‘फोर्ट्स’, म्हणून ‘स्टँड’ला ‘एस’ नाही. मराठीत ‘टेकडीवर’ ऐकून कुणी त्याला कर्ता समजणार नाही. इंग्रजी वाचतानाही तोच कान लावा.

विशेषणाचं काम करणाऱ्या वाक्यांशांत आणखी एक गोष्ट मराठी माणसाला नडते, आणि इथे ‘चा’ची चाचणी नामाकडे बोट दाखवते पण प्रीपोझिशन कोणतं ते सांगत नाही. आपला ‘चा’ फार मोठं काम करतो. प्रश्नाचं उत्तर, दाराची किल्ली, उशिराचं कारण, दुधाची मागणी, किमतींतली वाढ. यातल्या जवळजवळ प्रत्येक ‘चा’साठी आपण ‘ऑफ’ लिहून मोकळे होतो. इंग्रजीत मात्र नाम स्वतःचं प्रीपोझिशन ठरवतं: ‘आन्सर टू द क्वेश्चन’, ‘की टू द डोअर’, ‘रीझन फॉर द डिले’, ‘डिमांड फॉर मिल्क’, ‘राइज इन प्राइसेस’. या वाक्यांशांचं त्या नामाशी नातं क्रियापद आणि त्याच्या पूरकाइतकंच घट्ट आहे. इथे नियम शोधत बसू नका. नवीन नाम वहीत लिहिताना त्याच्यासोबत येणारं प्रीपोझिशनही लिहा, जसं मराठी शिकणाऱ्याला आपण नामाबरोबर लिंग लक्षात ठेवायला सांगतो. विशेषणांनाही असे वाक्यांश लागतात: ‘फाँड ऑफ म्युझिक’, ‘अफ्रेड ऑफ स्नेक्स’, ‘गुड ॲट मॅथ्स’. ‘गणितात हुशार’ म्हणतो म्हणून आपण ‘गुड इन मॅथ्स’ लिहितो, पण प्रमाण ब्रिटिश इंग्रजीत ‘ॲट’ आहे.

क्रियापदाच्या बाजूला उलटी चूक होते. मराठीला जिथे शब्दयोगी अव्यय किंवा प्रत्यय लागतो तिथे इंग्रजीला कधी कधी काहीच लागत नाही. एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’. एखाद्याशी लग्न करतो, म्हणून ‘मॅरी विथ’. घरी पोहोचतो, स्टेशनवर पोहोचतो, म्हणून ‘रीच टू’. खोलीत शिरतो, म्हणून ‘एन्टर इन द रूम’. या क्रियापदांना वाक्यांश नको, सरळ कर्म हवं: ‘वी डिस्कस्ड द प्लॅन’, ‘शी मॅरीड अ डॉक्टर’, ‘दे रीच्ड द स्टेशन’, ‘ही एन्टर्ड द रूम’. ‘एन्टर इन्टू’ आहे, पण करारासारख्या गोष्टीत शिरण्यासाठी. गंमत अशी की याच क्रियापदांपासून झालेली नामं मात्र वाक्यांश मागतात: ‘अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’, ‘हर मॅरेज टू अ डॉक्टर’. एकाच गोष्टीचं क्रियापद आणि नाम वेगळं वागतं, कारण कर्म घ्यायची ताकद क्रियापदाला आहे, नामाला नाही. नामाला ते नातं प्रीपोझिशनमधून जोडावं लागतं.

इथेच एक शंका हमखास येते: प्रीपोझिशनसारखा दिसणारा प्रत्येक शब्द वाक्यांश सुरू करतो का? नाही. ‘शी टर्न्ड ऑफ द लाइट’ आणि ‘शी टर्न्ड ऑफ द रोड’ ही वाक्यं शेजारी ठेवा. दुसऱ्यात ती रस्ता सोडून वळली. ‘ऑफ द रोड’ हा वाक्यांश आहे. पहिल्यात तिने दिवा बंद केला. तिथे ‘टर्न ऑफ’ हे एकत्र क्रियापद आहे आणि ‘द लाइट’ त्याचं कर्म. पुन्हा सर्वनाम घालून बघा. दिव्यासाठी ‘शी टर्न्ड इट ऑफ’ म्हणावं लागतं, ‘टर्न्ड ऑफ इट’ चालत नाही. रस्त्यासाठी नेमकं उलट, ‘टर्न्ड ऑफ इट’ चालतं. सर्वनाम मध्ये सरकलं तर ते जोडक्रियापद, शेवटी राहिलं तर प्रीपोझिशन. परीक्षेत यावर फार विचारत नाहीत, पण वाचताना अर्थ लागायला याची गरज पडते.

मग ज्या वाक्यांचे दोन्ही अर्थ होतात त्यांचं काय? तुम्ही शेवटी विचारलंय की एकाच वाक्यातला एकच वाक्यांश विशेषणही आणि क्रियाविशेषणही असू शकतो का. एका वाचनात नाही, पण वाक्याची दोन वाचनं होऊ शकतात. ‘वी डिस्कस्ड द मीटिंग ऑन मंडे’. सोमवारच्या बैठकीबद्दल आम्ही चर्चा केली, की बैठकीबद्दल आम्ही सोमवारी चर्चा केली? मराठीत ‘सोमवारच्या’ आणि ‘सोमवारी’ ही दोन वेगळी रूपं आहेत, म्हणून मराठीत हा प्रश्न उभाच राहत नाही. इंग्रजीत संदर्भाशिवाय तो सुटत नाही. ‘द कमिटी विल सबमिट अ रिपोर्ट ऑन द फायर इन मे’ हे वाक्य एखाद्या कार्यालयीन पत्रात आलं तर अहवाल मे महिन्यात येणार की आग मे महिन्यात लागली होती, यावरून खरोखर वाद होईल. संगणकाला इंग्रजी वाक्यांची फोड शिकवणाऱ्यांनाही हा प्रश्न नडला. डोनाल्ड हिंडल आणि मॅट्स रूथ यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या कामात यासाठी बातम्यांच्या मोठ्या संग्रहाचा आधार घेतला. आधीचं क्रियापद आणि आधीचं नाम यांपैकी कुणासोबत ते प्रीपोझिशन जास्त वेळा येतं हे मोजून वाक्यांश कुणाला टेकवायचा ते ठरवलं. अनुभवी वाचकही काहीसं असंच करतो. ‘रिपोर्ट’नंतर ‘ऑन’ आलं की आपण ते लगेच ‘रिपोर्ट’ला जोडतो, कारण ती जोडी आपल्या ओळखीची असते.

स्वतः लिहिताना मात्र वाचकाला असा अंदाज करायला लावू नका. क्रियापदाकडचा वाक्यांश सहसा हलवता येतो, नामाकडचा नामाला सोडून जात नाही. म्हणून सोमवारी चर्चा केली असं म्हणायचं असेल तर ‘ऑन मंडे, वी डिस्कस्ड द मीटिंग’ असं लिहा, आणि सोमवारची बैठक असेल तर ‘वी डिस्कस्ड मंडेज मीटिंग’ असं लिहा. अहवाल मेमध्ये येणार असेल तर ‘इन मे’ सगळ्यात पुढे आणा.

उरलेली दोन कामं पटकन सांगते, ती कमी वेळा येतात. काही वाक्यांश एका शब्दाला न टेकता सबंध वाक्यावर बोलणाऱ्याचं मत सांगतात किंवा मागच्या वाक्याशी धागा जोडतात: ‘टू माय सरप्राइज’, ‘इन माय ओपिनियन’, ‘ऑन द अदर हँड’. त्यांच्यानंतर स्वल्पविराम येतो आणि ते बहुधा सुरुवातीला असतात. आणि क्वचित वाक्यांश नामाच्या जागी बसतो: ‘आफ्टर सिक्स इज बेटर फॉर मी’ यात ‘आफ्टर सिक्स’ हाच कर्ता आहे. ‘अ कॅट केम आउट फ्रॉम अंडर द बेड’मध्ये ‘अंडर द बेड’ हा ‘फ्रॉम’च्या पोटात बसलाय, पलंगाखालून या अर्थाने. मराठीतही ‘खालून’मध्ये ‘खाली’ आणि ‘ऊन’ असे दोन थर आहेतच.

सरावाला हे वाक्य घ्या: ‘द लेटर फ्रॉम द बँक अबाउट माय ब्रदर्स लोन अराइव्हड ॲट अवर हाउस इन द आफ्टरनून’. मराठी अर्थ लावा: भावाच्या कर्जाबद्दलचं बँकेचं पत्र दुपारी आमच्या घरी आलं. ‘बँकेचं’ आणि ‘कर्जाबद्दलचं’ यांत ‘चं’ आलं, म्हणजे ‘फ्रॉम द बँक’ आणि ‘अबाउट माय ब्रदर्स लोन’ हे दोन्ही ‘लेटर’कडचे. ‘अबाउट’ लगेच आधीच्या ‘बँक’ला टेकत नाही, कारण बँक कर्जाबद्दलची नसते, पत्र असतं, शेजाराचा नियम इथे अर्थापुढे मागे पडला. आता ‘इट’ घाला: ‘इट अराइव्हड ॲट अवर हाउस इन द आफ्टरनून’. बाहेर उरलेले दोघे क्रियापदाकडचे. इंग्रजीत जागा आधी आणि वेळ नंतर आली, मराठीत दुपार आधी आणि घर नंतर. ‘इन द आफ्टरनून’ सुरुवातीला नेता येतो, ‘फ्रॉम द बँक’ नेऊन बघा, वाक्य मोडतं किंवा बँकेतून पत्र आलं असा वेगळाच अर्थ निघतो. आणि पत्रं दोन असती, ‘लेटर्स’, आणि क्रिया वर्तमानातली असती, तर क्रियापद ‘अराइव्ह’ झालं असतं, बँक आणि कर्ज एकेकच असले तरी.